टाचेखालची चुंबळ

मागच्या महिन्यात दुपारी एक फोन आला. कोरेगावकडच्या एका बाईंचा. त्यांची विशीतली लेक चार दिवसांत अंथरुणाला खिळली होती. पाय हलत नव्हते, हातांतलंही बळ जात चाललं होतं. आमच्या मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी मला विचारून त्यांना माझा नंबर दिला होता. मला वाटलं, बाई रडतील. रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, तुमी आता चालता का?"

"चालते."

"कशाला न धरता?"

"कशाला न धरता. जिना चढते, बस पकडते."

मग त्या कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आल्या, "चालत्यात, आवं, चालत्यात त्या!"

फोन ठेवला आणि वाटलं, सांगायचं कितीतरी राहून गेलं. ते इथं लिहिते. मी डॉक्टर नाही, त्यामुळं औषधांचं मला विचारू नका. मी फुटबॉल खेळणारी मुलगी. माझे पाय गेले आणि परत आले, तेवढंच मला माहीत आहे.

पट्ट्यापट्ट्यांचा चेंडू

माझं नाव शाहीन नदाफ. घरी शानू. आम्ही कडेगावचे. नदाफ म्हणजे पिंजारी. अब्बा गाद्या-उशा भरतात, अम्मा रजया शिवते. घरात आम्ही दखनी आणि मराठी एकमेकांत कालवून बोलतो, इथं सगळं मराठीतच लिहिलंय.

माझा पहिला चेंडू अब्बांनी शिवला. गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा, आत उरलासुरला कापूस ठासून भरलेला. तो उडायचा नाही. लाथ घातली की धप्प आवाज करून चार हातांवर पडायचा. त्याला लांब घालवायच्या नादात माझ्या पायात ताकद आली, असं अब्बा अजून सगळ्यांना सांगतात. शाळेत खेळाच्या सरांनी खरा चेंडू पायात दिला तेव्हा तो मैदानाबाहेर, उसाच्या शेतात गेला. सर ओरडायचे सोडून माझ्याकडं बघत राहिले.

पुढं साताऱ्याला कॉलेज, हॉस्टेल, जिल्ह्याची टीम, राज्याची टीम. हॉस्टेलमध्ये तेजू भेटली. तेजू गोलकीपर. साताऱ्याजवळच्या खेड्यातली, वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ती गोल अडवणारी, मी गोल मारणारी, त्यामुळं रोज सकाळी सरावाच्या आधी आमची भांडणं आणि नंतर एका ताटात जेवण. दोघींना दक्षिणेतल्या एकाच क्लबनं घेतलं. करार वर्षावर्षाचा. एका खोलीत तिघी, पहाटे मैदान, दुपारी जिम, संध्याकाळी बर्फाच्या पाण्यात पाय. मी नऊ नंबरची. फॉरवर्ड. फॉरवर्डला लोक दोनच गोष्टी विचारतात, गोल मारला का, आणि का नाही मारला. मला ते आवडायचं. डिफेंडरचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघायचं आणि दुसऱ्या बाजूनं निघायचं. त्या पहिल्या तीन पावलांवर माझी सगळी कमाई होती. पहिल्या तीन पावलांत मला कुणी गाठायचं नाही.

घरंगळलेला चेंडू

हंगाम संपवून मी गावी आले होते. वय सव्वीस. आल्या आल्या पोट बिघडलं, दोन दिवसांत बरंही झालं. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सांगलीत मुलींचा एक मैत्रीचा सामना होता. तेजू समोरच्या टीमच्या गोलात. सकाळी बुटाची नाडी बांधताना बोटांना मुंग्या येत होत्या. वाटलं, रात्री हात अंगाखाली आला असेल.

उत्तरार्धात आम्हाला पेनल्टी मिळाली. मी चेंडू ठेवला, धावत आले, मारला. तो घरंगळत घरंगळत तेजूच्या पायापाशी जाऊन थांबला. तिनं तो वाकून उचलला, जशी भाजीवालीकडून काकडी उचलावी.

"काय गं," ती ओरडली, "पास देतीस व्हय मला?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मी तो जीव खाऊन मारला होता.

परतताना एसटीची पायरी चढता येईना. दांडा धरून अंग वर ओढलं. कंडक्टर म्हणाला, "चला की ताई, अजून तरण्या हायसा." दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात बसले ती उठताच येईना. गुडघे ऐकेनात. भिंतीला हात लावून तशीच बसून राहिले, आणि शेवटी सहा वर्षांच्या पोरीसारखी हाक मारली, "अम्मा, मला उठव."

विट्याच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. दुपारपर्यंत उभं राहणं संपलं. अब्बांनी शेजाऱ्यांची गाडी काढली. आयुष्यभर गाद्या खांद्यावर टाकून गावोगाव फिरलेला माणूस, त्यांनी मला उचलून गाडीत ठेवलं आणि म्हणाले, "हलकी हायस गं. खात न्हाईस तिकडं?" मिरज येईपर्यंत ते माझे पाय मांडीवर घेऊन दाबत होते. मला त्यांचे हात दिसत होते. दाब नीट कळत नव्हता.

हातोडी

मिरजेच्या दवाखान्यात मॅडमनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. एरवी पाय टणकन उडतो. उडाला नाही.

"परत मारा," मी म्हटलं. "जोरात."

त्यांनी परत मारली. मी माझ्या पायाकडं अशी बघत होते, जशी हॉस्टेलमध्ये हाक मारूनही न उठणाऱ्या मुलीकडं बघायचे.

मग तपासण्या झाल्या. पाठीतून पाणी काढलं, नसांना विजेचे बारीक चटके देऊन बघितलं. संध्याकाळी मॅडम खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसल्या. उभ्या राहून बोलल्या नाहीत, हे मला आठवतं.

"शाहीन, याला जीबीएस म्हणतात. मध्ये पोट बिघडलं होतं ना? त्या जंतूंशी लढायला शरीरानं फौज काढली. जंतू मेले, फौज थांबली नाही. ती आता तुझ्याच नसांवर तुटून पडलीय."

"म्हणजे आमचेच डिफेंडर आमच्याच गोलात मारतायत."

मॅडमना हसू आलं. "अगदी तसंच. त्यांना आवरायचं औषध आज सुरू करतोय. तरी अजून काही दिवस वाढेल. मग थांबेल. मग वर येशील. खाली जाताना भरभर, वर येताना सावकाश."

अब्बा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. "जिवाला?" त्यांनी विचारलं. एवढाच शब्द.

"श्वासावर लक्ष ठेवायला लागेल, चाचा. म्हणून आयसीयूत नेतोय. बहुतेक पेशंट बरे होतात."

"पळता येईल?" मी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "ते मला आज माहीत नाही."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. खोटं का होईना, हो म्हणायला काय जात होतं? पुढच्या दोन वर्षांत मात्र त्या जे बोलल्या ते मी डोळे मिटून मानलं, ते त्या एका वाक्यामुळं.

एका श्वासात

आयसीयूत दर थोड्या वेळानं सिस्टर यायची आणि म्हणायची, "श्वास भर. आता एका श्वासात आकडे मोज." आकडा जिथं तुटेल तो कागदावर लिहायची. पहिल्या दिवशी चौतीस. मला वाटलं, चांगला आहे. दुसऱ्या दिवशी सव्वीस. मग एकोणीस. मग मी भरभर मोजायला लागले.

"पळवू नकोस," सिस्टर म्हणाली. "ही शर्यत न्हाई."

माझ्यासाठी शर्यतच होती. आकडा नऊवर आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता वाट बघायला नको. मशीन लावू." तोवर हात गेले होते, चेहऱ्याची एक बाजू गेली होती, हसले तर अर्धीच हसायचे. नळी घालायच्या आधी अम्मा-अब्बांना आत बोलावलं. अम्मानं माझ्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत फुंकर मारली. तिच्या ओढणीला रजईच्या नव्या कापडाचा वास येत होता. अब्बा वाकले.

"दमलीयस," ते म्हणाले. "मशीनला जरा खेळू दे. बदली खेळाडू समज. तू बाहेर बसून बघ."

अकरा दिवस ते मशीन माझ्या जागी खेळलं.

ज्यांच्या घरचं माणूस असं मशीनवर आहे त्यांना एक सांगते. त्याला ऐकू येतं. माझे डोळे मिटत नव्हते म्हणून सिस्टर रात्री त्यावर पट्टी लावायची, हात-पाय म्हणजे गादीवर ठेवलेली दुसऱ्याची वस्तू, पण कान शाबूत होते. भेटायला आलेली माझी एक खाला, म्हणजे मावशी, अम्माला म्हणाली, "आता हिचं लगीन कसं व्हायचं गं?" मी तिथंच, हातभर अंतरावर होते. दुसऱ्या दिवसापासून भेटीच्या दहा मिनिटांत अम्मा कुणालाच आत आणेना. एकटी यायची आणि मला गावच्या गोष्टी सांगायची. कुणाच्या शेळीला दोन पिल्लं झाली. शेजारच्या काकूंनी पुरणपोळी पाठवली, तर ती वाटेतच अब्बांनी खाल्ली. कुणाची रजई आली आहे, कापड कुठलं, टाके किती घातले. ती खोटं बोलत नव्हती आणि रडतही नव्हती. त्या दहा मिनिटांची मी उरलेला दिवसभर वाट बघायचे.

टाचा

मशीनवर असताना मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला, तर टाचांचा. हसू येईल, पण खरं आहे. नसा बिघडल्या की दुखणं मरत नाही, उलट साध्या चादरीचा काच व्हायला लागतो. टाच गादीला टेकली की आत निखारा ठेवल्यासारखं वाटायचं. सांगणार कसं? एकदा पापणी मिटल्यासारखी हलवली तर हो, दोनदा तर नाही, असं सिस्टरनं ठरवून दिलं होतं, तेवढीच माझी भाषा.

एका दिवशी अम्माच्या जागी अब्बा आत आले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी विचारलं, "मान? हात? कूस बदलायची?" नाही, नाही, नाही. मग त्यांनी पायाकडची चादर वर केली आणि टाचेजवळ गादीवर तळवा दाबून बघितला. गिऱ्हाइकाची जुनी गादी आली की ते असाच तळवा दाबतात, कापूस कुठं बसलाय ते कळतं त्यांना.

"टाच?" त्यांनी विचारलं.

मी पापणी हलवली. एकदा.

दुसऱ्या दिवशी ते दोन चुंबळी घेऊन आले. बायका डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतात ना, तशा गोल, पण कापसाच्या, आणि वर पांढऱ्या कापडाची खोळ. मुख्य सिस्टरनं आधी हातात घेऊन उलटसुलट बघितल्या, मॅडमना विचारलं, आणि रोज धुतलेली खोळ घालायच्या अटीवर परवानगी दिली. घोटे चुंबळीवर आणि टाचा मधल्या पोकळीत, अधांतरी. निखारा विझला. मी कितीतरी दिवसांनी झोपले, खरं झोपले.

पुढं मी वॉर्डात आले तेव्हा समोरच्या खाटेवर जत भागातल्या एक आक्का होत्या, अर्धं अंग गेलेल्या. त्यांच्या सुनेनं चुंबळ बघितली आणि विचारलं, "ही कुठं मिळती?" मग अब्बांनी कापसाचं पोतंच आणलं. दवाखान्याच्या मागं कडुनिंबाखाली बसून ते दाभणानं चुंबळी शिवत. टाचेची, कोपराची, कानाखाली ठेवायची छोटी. माझ्या अब्बांना मोठ्या माणसांशी बोलता येत नाही, डॉक्टरांसमोर ते टोपी हातात घेऊन उभे राहतात. पण त्या महिन्यात वॉर्डातली माणसं त्यांना शोधत झाडाखाली जायची.

तू घरी जा

आता जे लिहिणार आहे ते लिहायला लाज वाटते.

नळी निघाली. आवाज आला, पण खरखरीत, चिमणीएवढा. अम्मा मला भरवायची, पुसायची, कूस बदलायची, केस विंचरायची. सव्वीस वर्षांची मी, आणि माझ्या तोंडाला लागलेली खीर दुसऱ्यानं पुसायची. माझा राग कुठंतरी जायला हवा होता. तो अम्मावर गेला.

एका दुपारी ती माझे तळपाय चोळता चोळता म्हणाली, "त्या फुटबॉलनंच खाल्लं तुला. परमुलखातलं पानी, परमुलखातलं अन्न. घरात असतीस तर..."

"इथंच बिघडलं होतं पोट," मी म्हटलं. "तुझ्या घरात. तुझ्या हातचं खाऊन. तू घरी जा. मला तू नको."

आवाज आल्यावर मी बोललेलं ते पहिलं मोठं वाक्य.

अम्मानं माझ्या पायांवर चादर घातली आणि बाहेर गेली. दर रविवारी तेजू साताऱ्याहून रेल्वेनं यायची. ती त्याच वेळी दारात पोचली होती. तिनं ऐकलं. माझ्याकडं बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि अम्माच्या मागं गेली. तासाभरानं परत आली.

"काय करतीय ती?" मी विचारलं.

"बसलीय व्हरांड्यात. मला इचारत होती, घोटा कसा फिरवायचा. फिजिओनं दाखवल्यालं विसरली म्हणाली. मी माझ्या पायावर करून दाखवलं." तेजूनं स्टूल ओढलं. "शाने, मी तुला लय वेळा शिव्या दिल्यात. आज देत न्हाई. पर तू तिला हाक मार."

"ओरडता येत नाही मला."

"मग हळू मार. तिला ऐकू जातं."

मी हाक मारली. खरंच अगदी हळू. अम्मा आत आली आणि जणू मध्ये काही झालंच नव्हतं अशी माझा उजवा पाय हातात घेऊन घोटा फिरवायला लागली. मोजत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता, म्हणून तेजूनं पुसलं, स्वतःच्या जर्सीच्या बाहीनं.

नंतर रमजान आला. अम्मानं वॉर्डातच रोजे धरले. संध्याकाळी अजान ऐकू यायच्या वेळेला आक्कांची सून पाण्याचा तांब्या आणि केळी घेऊन स्टुलापाशी हजर असायची. "चाची, झाली वेळ," म्हणायची. स्वतः आक्का अजून बोलू शकत नव्हत्या, पण चांगल्या हातानं खुणावून त्या सुनेला रोज आठवण करत. मी ते खाटेवरून बघायचे. बरं होणं हे फक्त औषधानं होत नाही, हे मला तिथं कळलं.

निधान

माझी फिजिओ शिवलीला. अथणीकडची. मराठी बोलता बोलता तिचं कानडी मध्येच यायचं. तिचा आवडता शब्द "निधान". म्हणजे सावकाश. मला सावकाश कधी जमलं नव्हतं.

पहिल्यांदा जे परत आलं ते खांदे. मग मांडी. शिवलीला मांडीवर हात ठेवून म्हणायची, "गुडघा दाब खाली." काही व्हायचं नाही. रोज काही व्हायचं नाही. एका सकाळी ती थांबली, हात तसाच ठेवून म्हणाली, "परत कर." मी केलं. "आलं," ती म्हणाली. "आत हललं." बाहेरून काहीच दिसत नव्हतं. अम्मानं तिथं हात ठेवला आणि म्हणाली, "व्हय की." तिला कळलं का नाही, देव जाणे. पण तिनं वॉर्डभर सांगितलं.

खाटेच्या कडेला बसणं हे त्यानंतरचं. दोघींनी धरून बसवलं तेव्हा डोकं गरगरलं आणि मी शिवलीलाच्या अंगावर ओकले. ती म्हणाली, "चला, बसून ओकलीस. काल झोपून ओकली असतीस." मग दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहणं. मग वॉकर. घोटे सगळ्यात शेवटी. डाव्या पायाचं पाऊल खालीच लोंबायचं, त्याला प्लास्टिकचा पट्टा. ज्या पावलावर मी डिफेंडरना चकवायचे ते मला खोलीचा उंबरा ओलांडू देईना.

एका रविवारी तेजू फुटबॉल घेऊन आली. "निस्ता पायाशी ठिवू," म्हणाली. मी तोंड फिरवलं. "घेऊन जा तो." तिनं वाद घातला नाही. घेऊन गेली, आणि पुढच्या रविवारी त्याऐवजी कंदी पेढे आणले. मैत्रीण म्हणून तिनं केलेल्या सगळ्या गोष्टींत ही मला सगळ्यात मोठी वाटते. पुन्हा तिनं चेंडूचं नाव काढलं नाही, मी काढेपर्यंत.

घड्याळ

अडीच महिन्यांनी घरी आले. कडेगावात लोक बघायला येत. कुणी म्हणे दृष्ट, कुणी म्हणे जास्त पळाली. अब्बा दुकानात वॉकरला जागा व्हावी म्हणून गाठोडी हलवत. मी तिथं बसून कापसातली सरकी वेचायचे. बोटांचा व्यायाम आणि अब्बांना मदत.

क्लबचा करार मी वॉर्डात असतानाच संपला होता. मॅनेजर फोनवर चांगलं बोलले, "बरी हो, दार उघडं आहे." मी ते दार धरून ठेवलं. आठव्या महिन्यात पट्टा आणि वॉकर सुटला. वर्षानं धावले, म्हणजे लोक ज्याला धावणं म्हणतात ते. आणखी सहा महिने मी गावच्या शाळेच्या मैदानावर घाम गाळला. मग क्लबला कळवलं, येते.

कोच जुनेच होते. त्यांनी मला मिठी मारली. तेजू गोलात होती. मी पास नीट दिले, गोलात मारले, दोन गोलही झाले. मग तीस मीटरची धाव. सोबत दोन नव्या मुली. शिट्टी वाजली आणि पहिल्या तीन पावलांतच त्यांच्या पाठी मला दिसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची पाठ इतक्या लवकर बघत होते.

कोचनी हातातलं घड्याळ बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. "अजून एक महिना घेऊ," ते म्हणाले.

ते मनापासून म्हणत होते. पण माझा डावा घोटा मला ठाऊक होता. तो महिन्यानं येणार नव्हता. बहुतेक तेवढा तो येणारच नव्हता.

"नको, सर," मी म्हटलं. "नऊ नंबर त्या मुलीला द्या. ती डावीकडची. तिचं पहिलं पाऊल चांगलं आहे."

हे मी अगदी शांतपणे म्हटलं. नंतर बूट काढताना नाडीची गाठ सुटेना, तेव्हा तेजू समोर बसली आणि तिनं दोन्ही नाड्या सोडल्या. परतीच्या रेल्वेत मी मिरजेपर्यंत झोपले.

कोरेगावच्या ताई, तुमच्या लेकीला हे आत्ता वाचून दाखवू नका. पण तुम्ही वाचा. सगळं परत येतंच असं नाही. माझं सगळं आलं नाही. आणि तरी हे लिहिताना मी रडत बसलेली नाही.

साताऱ्याहून परत

आता मी साताऱ्यात एका शाळेत खेळ शिकवते. मुलींच्या एका छोट्या स्थानिक टीममधून खेळते. गेल्या थंडीत एका रविवारी आमचा सामना होता आणि अम्मा म्हणाली, "मी येते."

मला वाटलं, चुकून ऐकलं. माझ्या एवढ्या वर्षांच्या खेळात अम्मानं माझा एकही सामना बघितला नव्हता. मैदानावर नाही, मोबाइलवरही नाही. मी विचारलं, का नाही आलीस कधी? ती म्हणाली, "तुला कोन पाडलं तर मला बघवायचं न्हाई. अब्बा सांगायचे ना, काय झालं ते." मग म्हणाली, "आता लय बघितलं. आता काय भ्यायचं?"

ती आली. ओढणी डोक्यावरून घेऊन, डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसली. शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा मला उतरवलं. घोटा पट्टीनं आवळलेला. मी आता पहिल्यासारखी पळत नाही, त्यामुळं आधी उभं कुठं राहायचं याचा विचार करते. पाच-सात मिनिटांनी चेंडू माझ्या पुढ्यात आला. गोल समोर. मी मारला. खांबाच्या बाहेरून गेला, फार नाही, हातभर.

मैदानावर "अरेरे" झालं. त्या अरेरेत एकच टाळ्यांचा आवाज. अम्मा उभी राहून टाळ्या वाजवत होती. शेजारच्या बाईंनी तिला सांगितलं असावं की गोल झाला नाही, कारण मला तिचं उत्तर ऐकू आलं.

"न्हाई झाला तर ऱ्हाऊ दे की! पळाली न्हवं? बघितलासा न्हवं तुमी?"

आम्ही हरलो. कडेगावला परतताना संध्याकाळच्या एसटीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. अम्मानं शेंगदाण्यांची पुडी घेतली होती. गाडी सुटली तशी ती म्हणाली, "ते मधीच शिट्टी मारून तुला थांबवलं, ते का? तू तर पुढं हुतीस."

"पुढं होते म्हणूनच. त्याला ऑफसाईड म्हणतात."

"पुढं असलं तर चांगलं न्हवं?"

मग मी तिच्या मांडीवर ओढणीचा पदर पसरला आणि शेंगदाणे मांडले. हा गोल. ही त्यांची गोलकीपर. हे त्यांचे डिफेंडर, एका ओळीत. ही आमची मुलगी, चेंडू हिच्याकडं. ही मला पास देणार. तिच्या पायातून चेंडू सुटतो त्या घडीला मी या ओळीच्या पुढं असले तर शिट्टी. ओळीत किंवा मागं असले तर चालतं. चेंडू सुटला की मग मी कितीही पळू शकते.

अम्मानं नीट ऐकलं. दोनदा विचारलं. गाडी खड्ड्यात आदळली की दाणे हलायचे, ती परत बोटानं सरळ करायची, रजईचे टाके सरळ करते तसे. उंब्रज गेलं. कराड जवळ आलं. तिनं पुडीतून एक दाणा काढला, सालासकट, आणि म्हणाली, "ही तू."

तिनं तो डिफेंडरच्या पुढं ठेवला नाही. अगदी ओळीला लावून ठेवला, आणि बोट त्यावरून काढलं नाही.

"हितनं निघायचं," अम्मा म्हणाली. "चेंडू सुटू दे. मग पळ. कोन थांबवत न्हाई."